मोठीमायचं जहाजावरचं नाव

अन्याय माझ्या मोठीमायवर झाला. रविवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, गुरुजींच्या ओट्यावर. साक्षीला नऊ माणसं होती आणि त्या नवात मी होते. वेळ मला मिनिटासकट माहीत आहे, कारण मी लॅपटॉपवर फॉर्म भरत होते. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मला दिसत होतं, ती दिसत नव्हती.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. साठीला आलेली. मोठे बाबा जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून केळी आणि कापूस ती एकटी बघते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "कागदवर मन्हं नाव येगळं शे."

गुरुजी म्हणाले, "होईल हो वहिनी सगळं नीट. तुम्ही जरा आत चहाचं बघता का? आमच्या हिला एकटीला उरकत नाही."

ती उठून आत गेली. मी पुढच्या चौकटीवर टिचकी मारली.

आधीच सांगून टाकते, ती जहाजावर चढली. चार दिवस राहिली, सुखरूप परत आली. तसं झालं नसतं तर मी हे आठवण म्हणून लिहीत बसले नसते, पत्रक छापलं असतं. पत्रकांची मला सवय आहे. शहाद्याच्या बसस्टँडवर उभी राहून मी ती वाटते. एसटी वेळेवर सुटत नाही, मुलींच्या वसतिगृहात पाणी येत नाही, असं काहीबाही. पत्रकात कोणी काय केलं ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून वरही तसंच लिहिलं. सवय जात नाही.

आता जहाजाचं. आमच्या गावात कोणी जहाजातून फिरायला जातं हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. गुरुजी आणि त्यांची बायको पाच वेळा जाऊन आले आहेत. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची बायको म्हसावदची, म्हणून सगळं गाव तिला म्हसावदवाली म्हणतं, आम्ही पोरी म्हसावदवाली काकू. तिसरे जाणकार म्हणजे विसरवाडीवाले मामा. नाक्यावर त्यांचा ढाबा आहे, तीन वेळा समुद्रात जाऊन आलेत. दरवेळी हे लोक परत आले की गुरुजींच्या ओट्यावर बैठक बसते, मोबाईलमधले फोटो फिरतात आणि मोठीमाय भिंतीला टेकून ऐकते. पाच वर्षं ऐकलं. सहाव्या वेळी म्हणाली, मी येते.

कशाला येतेस, असं कोणीतरी विचारलंच. ती म्हणाली, "चार दिन मन्हा हातले चूल नको. दर्या दखाना ते बरं, नही दखाना तरी बरं."

मला हे कारण इतकं पटलं की मीही नाव दिलं. दोघींना एक खोली. एकूण दहा जणं.

त्या रविवारची बैठक खरं तर शिकवणी होती. गुरुजींनी पाच प्रवासांचं सार काढलं होतं आणि ते वर्गात सांगावं तसं सांगत होते. औषधं, कागदपत्रं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. मोठी बॅग बंदरावर काढून घेतात आणि ती खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. पहिल्या प्रवासात गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत गेल्या आणि ते दुपारभर जहाजाच्या जिन्यात बॅगेची वाट बघत बसले होते. खोली मागायची ती मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. खिडकीचा मोह धरून वरची टोकाची घेतली की पोटातलं सगळं ढवळून निघतं.

"ट्रॉलीत मागच्या फळीवर बसलं की आपण कसे आपटतो," गुरुजी म्हणाले, "तसं."

"अन् मी बसेल व्हतो त्या फळीवर," मामा म्हणाले. "पहिल्या खेपले दोन दिन मी फक्त बेसिन दखं. बाकीनासनी गोवा दखा."

सुंठेचा तुकडा गालात धरायचा आणि दूर पाणी-आभाळ मिळतं त्या रेघेकडे बघायचं, हा काकूंचा उपाय. काकूंचाच दुसरा शोध असा की जहाजाच्या खोलीच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे हुक नेले की ओलं लुगडं टांगता येतं, एरवी टांगायला खिळासुद्धा नसतो. बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, नेऊ नका, असंही त्यांनी निक्षून सांगितलं. एकदा त्यांनी बिबड्या भाजायला कॉइलची शेगडी बॅगेत घातली होती. तपासणीत ती निघाली, पोलिसासारख्या दिसणाऱ्या माणसाने पावती देऊन ठेवून घेतली आणि शेवटच्या दिवशी परत केली. पाच मजले जेवणाचा वास येत असताना बिबडीसाठी काकूंचा जीव तीन दिवस तळमळत होता. हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या.

जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा रिकामी ताटली घेऊन एक चक्कर मारायची, मग वाढून घ्यायचं. फोन खोल समुद्रात चालू ठेवायचा नाही. लिफ्टसमोर रांग लावण्यापेक्षा जिना बरा. किनाऱ्यावर उतरलात तर सांगितलेल्या वेळेच्या एक तास आधी परत या.

"जहाज आपलीसाठे थांबी का?" मोठीमायने विचारलं.

"नाही थांबत," गुरुजी म्हणाले. "एसटी नाही ती."

मी लगेच म्हटलं की एसटीही थांबत नाही, आणि मामा म्हणाले, "पुढारीण बाई, जहाजवर मोर्चा काढू नका. तठे पळाले जागा नही."

हे सगळे सल्ले खरे निघाले. मी प्रामाणिकपणे सांगते, एकही फुकट गेला नाही. ज्याला जहाजाने जायचं असेल त्याने ते लिहून घ्यावेत. पण शिकवणी झाल्यावर फॉर्म भरायचे होते आणि तिथे पाच प्रवासांचा अनुभव आडवा आला.

आमच्या समाजाची एक परिचय पुस्तिका आहे. घरटी एक चौकट, कर्त्या पुरुषाचा फोटो, खाली बायको-मुलांची नावं, जन्मतारखा, फोन. लग्नं जमवताना, आमंत्रणं लिहिताना सगळं तिच्यातून होतं. गुरुजींनी स्वतः ती तयार केली आहे, घरोघर फिरून. मागचे पाचही प्रवास त्यांनी तिच्यातूनच नावं काढून नोंदवले होते आणि कधी अडलं नव्हतं. आधारची प्रत प्रवासाच्या दिवशी आणायची, फॉर्मला फक्त नाव आणि जन्मतारीख लागते. गुरुजी वाचत होते, मी टाइप करत होते. मोठीमायचं नाव आलं, त्यांनी वाचलं, मी लिहिलं. तेव्हाच ती बोलली होती.

ती काय म्हणत होती ते न कळायला मी काही परकी नव्हते. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून सासरी तेच. मोठीमायचंही बदललं. पुस्तिकेत अर्थातच बदललेलं. पण आधारचं शिबिर गावच्या शाळेत लागलं तेव्हा तिने पुढे केला शाळा सोडल्याचा दाखला. सातवी पास झाली होती, तो दाखला तिने जपून ठेवला होता. त्यामुळे आधारवर पहिलं नाव माहेरचं, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. हे मला माहीत होतं. त्याच आधारवर मी तिला बँकेत नेऊन आणलं आहे. तरी ती बोलली तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही. चौकट भरायची घाई होती आणि घरातलं माणूस काहीतरी बोललं. एवढंच.

मुंबईला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. भाड्याची गाडी शहाद्याहून निघाली, विसरवाडीच्या नाक्यावर मामांनी सगळ्यांना कांदाभजी खाऊ घातली आणि गाडीत बसताना सांगितलं, "जहाज म्हंजे मन्हा ढाबाच शे. फरक इतलाच, तठलं गिऱ्हाईक उठी जाई नही शकत." दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता आम्ही बंदरावरच्या मोठ्या हॉलमध्ये रांगेत होतो. बॅगा देऊन झाल्या होत्या. गुरुजी पुढे, मग आम्ही एकामागून एक.

माझं झालं. मोठीमाय पुढे गेली. काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं, आधार बघितलं, परत तिकीट बघितलं.

"मॅडम, हे तुमचं तिकीट नाहीये."

"मन्हंच शे," मोठीमाय म्हणाली.

"नाव वेगळंय. पहिलं नाव पूर्ण वेगळंय. या नावाच्या पॅसेंजर कुठे आहेत?"

मी मागे फिरून काउंटरशी घुसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चढवला होता. खेड्यातल्या बायकांना तुम्ही असंच अडवता, हे एक वाक्य नक्की होतं. शेजारच्या रांगेतली माणसं बघायला लागली. मुलगी घाबरली नाही, नुसती थकलेली दिसली. तिने सांगितलं की साडेतीनला काउंटर बंद होतो, एका अक्षराची चूक असती तर तिने दुरुस्त केली असती, पण हे दुसरंच माणूस दिसतंय, तिला चढवता येणार नाही.

मोठीमायने माझं मनगट धरलं. "तू गप बठ. ती पोर काय करी? तिले जे लिखी दिधं तेच ती दखस."

लिहून कोणी दिलं होतं हे सांगायची गरज नव्हती.

गुरुजी मागे आले. चेहरा उतरला होता. माणूस वाईट नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे, पण त्या क्षणी ते जे बोलले तेही लिहिलं पाहिजे. ते म्हणाले, "असं करू. हिने वहिनींना घेऊन परत जावं. गाडीवाला अजून मुंबईतच आहे. पुढच्या वर्षी नीट काढू तिकीट."

हिने म्हणजे मी. उरलेल्या आठ जणांचा प्रवास वाचवायचा हिशेब त्यांनी अर्ध्या मिनिटात केला होता आणि त्यात मोठीमायला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा.

ती गुरुजींकडे बघून म्हणाली, "मी सांगं व्हतं. त्या रविवारले."

आवाज चढवला नाही की डोळ्यात पाणी नाही. काकू लगेच म्हणाल्या, "हो, सांगितलं होतं. मी चहा गाळत होते, आत येऊन मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, ते बघतील."

मग मोठीमायने खांद्याची पिशवी काउंटरवर ठेवली. गुरुजींचा सल्ला तिने आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त मनावर घेतला होता. कागद हातातल्या पिशवीत म्हणजे तिने घरातले सगळे कागद हातातल्या पिशवीत आणले होते. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले. शाळेचा दाखला. मतदानाचं कार्ड, त्यावर सासरचं नाव. बँकेचं पासबुक. आणि तहसीलचं शपथपत्र. मोठे बाबा गेल्यावर शेतावर वारस नोंद करताना तलाठ्याने हेच अडवलं होतं, की वारसांच्या यादीतली बाई आणि आधारवरची बाई वेगळी. तेव्हा तिने शहाद्याला चार खेपा घालून ते करून घेतलं होतं. अमुक आणि तमुक ही दोन्ही नावं एकाच बाईची, ती बाई मी. खाली सही, शिक्का, फोटो.

सात वर्षांपूर्वी ती चार वेळा एकटीच गेली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, घोषणा पाठ करत होते.

मुलीने शपथपत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "थांबा," आणि सगळे कागद घेऊन आतल्या दारातून गेली. तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतरच्या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आम्ही दहाही जण हॉलच्या खुर्च्यांवर बसलो. ज्यांचं झालं होतं त्यांना आत जाता येत होतं, गेलं कोणी नाही. मामांनी एकदा सुंठ काढून सगळ्यांना वाटली, जमिनीवर असतानाच. "आठेच मळमळी ऱ्हायनं," म्हणाले. कोणी हसलं नाही, पण घेतली सगळ्यांनी. गुरुजी दर पाच मिनिटांनी उठून दारापर्यंत जात आणि परत येत. मी मनात पत्रकाची पहिली ओळ जुळवत होते आणि प्रत्येक वेळी कर्त्याच्या जागी मीच येत होते. मोठीमाय पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसली होती. मी विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, परत जायची वाटते. गावात सगळ्यांना सांगून आलीय.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी परत आली. बरोबर एक अधिकारी होता, पांढऱ्या कपड्यातला. त्याने मोठीमायला विचारलं, "तुमचं नाव काय?"

तिने पहिल्यांदा माहेरचं नाव सांगितलं. मग सासरचं. मग म्हणाली, "दोन्ही मन्हाच शेतस."

तो म्हणाला, तिकीट आधारप्रमाणे बदललंय, शपथपत्राची प्रत ठेवून घेतोय. मुलीने नवं कार्ड छापून दिलं. मी त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "रोजचंच आहे, ताई. सासूबाई असतात, आजी असतात. त्यांच्याकडे कागद नसतात, त्या परत जातात." आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

जहाजावरचं बाकी सगळं सोपं होतं. आमची खोली मधली, खालची होती आणि हलली नाही म्हणावं इतकी कमी हलली. बॅगा संध्याकाळी आल्या. पहिल्याच संध्याकाळी शिट्टी वाजवून सगळ्यांना जमवतात, बुडायची वेळ आली तर कुठे उभं राहायचं ते दाखवतात. ते चुकवू नका, मामांसारखी चेष्टाही करत बसू नका. यादीतून नावं वाचतात आणि तुम्ही हात वर करायचा असतो.

तिथे मोठीमायचं नाव वाचलं गेलं. आधारवरचं. तिने हात वर केला नाही. मी कोपर मारलं तेव्हा दचकून केला. मला म्हणाली, मला वाटलं दुसऱ्या कोणाला बोलवतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरणारा माणूस आला, केरळकडचा असावा. दारावरच्या यादीत बघून त्याने तिला नावाने नमस्कार केला, पुढे "जी" लावून. ती हसली. "हाऊ भाऊ नाव कितलं चांगलं लेस, दख," म्हणाली. त्यानंतर उरलेले सगळे दिवस जेवणाच्या हॉलमध्ये, जिन्यात, कार्ड दाखवावं लागे तिथे प्रत्येक जण तिला त्या नावाने बोलावत होता. तिसऱ्या दिवशी तर ती वळायलाही वेळ लावत नव्हती. चूल नव्हतीच. सकाळी डेकवर खुर्ची टाकून ती नुसती बसायची, आणि जेवायला चला म्हणून आम्हाला तिला तीनदा बोलवावं लागायचं.

त्याच डेकवर, तिसऱ्या सकाळी, काकूंनी चहा पिता पिता आपलं स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. त्यांचे सगळे कागद सासरच्या नावाचे, म्हणून पाच प्रवासांत कधी अडलं नाही आणि कधी निघालंही नाही. आता ते नाव फक्त म्हसावदला त्यांचा भाऊ घेतो, राखीला. गुरुजी शेजारी मुंबईत घेतलेला शिळा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि ते नाव एकदा स्वतः उच्चारलं, हळू, हजेरीत नवीन मुलाचं घ्यावं तसं. काकू म्हणाल्या, "आता काय उपयोग." पण कप खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

परत आल्यावर गुरुजींनी पुस्तिका दुरुस्तीला काढली. घरोघर फिरायला त्यांनी मला बरोबर घेतलं आहे. आम्ही दोन नावं विचारतो आणि दोन्ही लिहितो. निम्म्या घरांत पुरुष उत्तर देतो. आम्ही थांबतो. ती बाहेर येऊन सांगेपर्यंत थांबतो. गुरुजींना आता हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

तुम्ही जहाजाने जा, रेल्वेने जा किंवा कुठेही जाऊ नका. आज तुमच्या घरातल्या प्रत्येक बाईला तिच्या आधारवर कोणतं नाव आहे ते विचारा. ती सांगेल ते कागद बघून तिच्या समोर लिहून घ्या. तिचं तिकीट, तिचा फॉर्म, तिचा उतारा तिने वाचून हो म्हटल्याशिवाय पुढे पाठवू नका. उद्या नाही, आज विचारा.